ताईच्या लग्नाची डीएटी फाइल

ताईच्या लग्नाची व्हीसीडी परवा भाच्याला दाखवायची ठरली. पण नव्या लॅपटॉपला चकती घालायला जागाच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह शेजारून उसना आणला. चकतीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर, त्यात एक डीएटी फाइल. क्लिक केलं, तर लॅपटॉपच विचारतो, ही कशात उघडू?

फाइल खराब झाली, असं आपण लगेच ठरवून टाकतो. बहुतेकदा ती ठणठणीत असते. डीएटी, एव्हीआय, एमओव्ही, एमपीफोर ही नुसती डब्यांची नावं. आतलं चित्र ज्या रीतीने दाबून भरलेलं असतं, तो कोडेक. म्हणून एक एव्हीआय सुरळीत चालते आणि दुसरीचा नुसता सनईचा आवाज येतो. व्हीसीडीत असतं एमपीईजी-१, चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर ते सहज दाखवतो.

खरी अडचण चकतीवरून फाइल उतरवताना येते. साध्या डेटा सीडीवर चुका दुरुस्त करायला जादा माहिती राखलेली असते. व्हीसीडीत तीही जागा चित्राला दिलेली. त्यामुळे ओरखडा आला की कॉपी मध्येच अडते. चकती मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. तरी अडली तर दुसरा ड्राइव्ह लावून पाहा. एकाला न वाचता आलेलं कधीकधी दुसऱ्याला वाचता येतं.

मग हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममधून एच.२६४ची एमपीफोर करावी. ती मोबाइलपासून टीव्हीपर्यंत कुठेही चालते. चित्राचा आकार ४:३ च ठेवा, नाहीतर नवरदेव उगाच आडवा सुटतो. आणि ‘फोर के’च्या मोहात पडू नका. जे ठिपके चित्रीकरणाच्या कॅसेटवरून चकतीवर आलेच नाहीत, ते आता कुठून येणार? फाइल फुगते, एवढंच. डीव्हीडीची फाइल असेल आणि हलत्या हातांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत असतील, तर ‘डीइंटरलेस’ तेवढं चालू करा.

प्रत्येक रूपांतरात चित्र थोडं झिजतं. म्हणून नवी प्रत नेहमी मूळ फाइलवरूनच काढावी, व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या क्लिपवरून कधीच नाही. मूळ डीएटीही पुसू नये, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

आमच्या चकतीवरची शेवटची चार मिनिटं, पाठवणीची, तीन ड्राइव्ह बदलूनही निघाली नाहीत.