सशाच्या वाटेने चंद्रपूर

चंद्रपुरात पत्ता सांगायची सुरुवात दरवाज्यापासून होते. ‘जटपुरा गेटच्या आत’, ‘पठाणपुरा गेटच्या बाहेर’, ‘अंचलेश्वर गेटच्या अलीकडे’. ऑटोवाला, पोस्टमन, सोयरीक जुळवणारा मामा, सगळेच शहर असे आत आणि बाहेर मोजतात. ज्या भिंतीमुळे हे आत-बाहेर झाले, ती भिंत मात्र कित्येक वर्षे कुणाला दिसतच नव्हती. घाणेरीची झुडपे, पिंपळाची मुळे आणि आजूबाजूच्या घरांचा कचरा यांनी ती झाकून टाकली होती.

जुनी माणसे तिला परकोट म्हणतात. सुमारे 11 किलोमीटरचा घेर, 39 बुरूज, चार दिशांना चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे माणूस जाईल एवढी छोटी वाट. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण ही त्यांची नावे. या पाच नावांपाशी मी फार वेळ थांबते. राजांच्या वंशावळीत तारखांचा मेळ बसत नाही, अभ्यासकांचे वाद आहेत. मसण खिडकीबद्दल कुणाचा वाद नाही. कोट कितीही भक्कम बांधा, मेलेल्या माणसाला बाहेर न्यायला एक वाट ठेवावीच लागते, आणि लोकांनी तिला नाव देताना आडपडदा ठेवला नाही.

परकोटाची जन्मकथा चंद्रपूरचे मूल आजीच्या मांडीवर ऐकते. खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा. परंपरा त्याला पंधराव्या शतकात नेऊन बसवते. त्याच्या अंगावर गाठी होत्या, कशाने बऱ्या होईनात. राणीच्या सांगण्यावरून त्याने जुनी राजधानी सोडून वर्धा नदीकाठी बल्लारपूर वसवले. एकदा शिकारीला निघाला असता त्याला तहान लागली. झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात थोडे पाणी होते. त्या पाण्याने त्याने हातपाय धुतले, तोंड धुतले आणि गाठी गेल्या. तिथेच अंचलेश्वराचे स्थान सापडले. पुढे त्याच भागात राजाला एक अजब दृश्य दिसले: कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. राजाने घोडा त्यांच्यामागे घातला. ससा वळणे घेत मोठ्या घेराने धावला आणि शेवटी कुत्र्याने उलटून त्याला मारले. राणी म्हणाली, सशाच्या वाटेवर कोट बांधा, आणि कुत्र्याने त्याला जिथे गाठले व जिथे मारले त्या दोन जागी बुरूज भक्कम करा, धोका तिथूनच येईल.

जमाबंदी अधिकारी मेजर ल्युसी स्मिथ याने 1869च्या अहवालात अशा ऐकीव कथा नोंदवून ठेवल्या, म्हणून त्या छापील कागदावर आल्या. पण कथेचा अर्थ मला कागदावर लागला नाही, चालताना लागला. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि शहराच्या दक्षिणेला दोघींचा संगम. परकोट कुठेही सरळ रेषेत जात नाही, वळतो, आत येतो, पुन्हा बाहेर जातो. नदीकडचा उतार जिथे सुरू होतो तिथे बहुतेक ठिकाणी भिंत उभी आहे. मला वाटते, हा ससा म्हणजे जमिनीचा चढउतार जाणणारी नजर आहे. पुराचे पाणी कुठवर चढते हे ज्याने पिढ्यान् पिढ्या पाहिले, त्यानेच ही वाट आखली असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण पावसाळ्यात एकदा बुरुजावर उभे राहून इरईकडे पाहा, तुम्हालाही तो पटेल.

कोट एका राजाच्या हयातीत झालेला नाही. खांडक्याने पाया घातला आणि पुढच्या पिढ्यांनी तो उभा केला, असे परंपरा सांगते. जटपुरा दरवाज्यावर हत्तीला चिरडणाऱ्या सिंहाचे शिल्प आहे, ते गोंड राजांचे चिन्ह. त्याच्याखालून दिवसभर दुचाक्यांची रांग सरकत असते आणि मान वर करून पाहायला कुणाला सवड नसते. तोच सिंह सकाळी सहा वाजता पाहावा. तिरपे ऊन पडले की दगडातली आयाळ उठून दिसते.

या वाटेवर आज चालता येते, कारण काही तरुणांनी ती विळ्या-कुऱ्हाडीने मोकळी केली. बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ संस्थेने 1 मार्च 2017 रोजी परकोटाची सफाई सुरू केली. रोज सकाळी, कामधंद्याला जाण्याआधी. दोनशेहून अधिक दिवस झाल्यावर 29 ऑक्टोबर 2017च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या कामाचा उल्लेख केला, तेव्हा देशाला चंद्रपूरचा किल्ला कळला. त्यानंतरही काम थांबले नाही. भिंतीच्या माथ्यावरची पायवाट मोकळी झाली आणि तिथून रविवार सकाळचा हेरिटेज वॉक सुरू झाला. आधी घमेली उचलली, मग इतिहास सांगितला, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

हे काम काय असते ते जवळून पाहिले पाहिजे. पिंपळाचे रोप दगडांच्या सांध्यात रुजते. चुना पोखरत मूळ आत जाते, जाड होते आणि घडीव दगड पुढे ढकलते. वरून फांदी छाटली तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच चार फांद्या फुटतात. मुळासकट काढायला जावे तर दगड निखळतो. म्हणून हळूहळू, हाताने, फट मोठी न करता मूळ काढावे लागते. एका बुरुजाजवळ मी थांबले होते तेव्हा खालच्या घरातल्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, ‘‘आमच्या लहानपनी इकडं याची हिंमत नोती जी. साप, इच्चू, सारं रान. आता नातू सायकल घेऊन येते.’’

अंचलेश्वर दरवाज्याशी पाय आपोआप रेंगाळतात. शेजारच्या वस्तीचे नावच समाधी वॉर्ड, कारण इथे गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सर्वांत देखणी बीरशहाची. अठराव्या शतकाच्या आरंभी बीरशहाचा त्याच्याच पदरच्या माणसाने खून केला. राणी हिराईला मुलगा नव्हता. तिने रामशहाला दत्तक घेतले, राज्य सांभाळले, नवऱ्याची समाधी बांधली आणि महाकालीचे मंदिरही उभारले. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली कबर पाहायला आपण आग्र्याला जातो. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी आपल्याच विदर्भात आहे, आणि शाळेच्या सहलीही तिथे क्वचित येतात, याची मला मनापासून खंत वाटते. महाकालीला मात्र लोक विसरले नाहीत. चैत्रात मराठवाड्यातून, तेलंगणातून भाविकांचे जथे येतात, झरपटीत अंघोळ करतात, देवीची गाणी म्हणत मंदिराकडे जातात. राणीचे नाव त्या गर्दीत किती जणांना ठाऊक असेल? पण तिने बांधलेल्या देवळाकडे त्यांची वाट वळते.

दक्षिण-पूर्वेचा कोपरा वेगळीच गोष्ट सांगतो. गोंडांचे राज्य 1751मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांकडे गेले. पुढे मे 1818मध्ये कर्नल अ‍ॅडम्सच्या इंग्रजी फौजेने चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, वेढा घातला. तोफांनी याच कोपऱ्याला खिंडार पाडले, 20 मे रोजी शहर पडले, किल्लेदार गंगासिंग लढताना मारला गेला. खांडक्याच्या राणीने सांगितलेले धोक्याचे बुरूज याच कोपऱ्यातले होते का, असे गावातले लोक अजून बोलतात.

शहराच्या पोटात आणखी एक भिंत आहे, ती जेलची. गोंडांच्या जुन्या राजवाड्याच्या जागी हे कारागृह उभे आहे. त्याच्या आवारात एक दर्गा आणि विहीर आहे. मोहरमच्या दिवसांत जेलचे दार सर्वांसाठी उघडते आणि हिंदू-मुसलमान सारेच दर्शनाला रांग लावतात. याच जेलपाशी 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांना पिंपळाच्या झाडाला फाशी दिली. वय अवघे पंचविशीचे. मोलमपल्लीच्या या जमीनदाराने अहेरी-घोटच्या जंगलात गोंड तरुणांची फौज उभी करून इंग्रजांशी झुंज घेतली होती. तो मुलूख 26 ऑगस्ट 1982पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. नकाशावर जिल्हे दोन झाले, आठवण एकच राहिली.

म्हणून परकोट चालून झाला की मी गडचिरोलीची वाट धरायला सांगते. आरमोरी तालुक्यात वैरागडचा किल्ला आहे, भोवती खंदक, आत झाडोरा. ‘ऐन-इ-अकबरी’त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे आणि ती जिंकणाऱ्या गोंड राजा बाबाजीची फौजही मोजलेली आहे. अकबराच्या दरबारात ठाऊक असलेले हे गाव आज मुंबई-पुण्यात किती जणांना ठाऊक आहे? गोंडांच्याही आधी इथे माना राजे होते, असे माना समाज सांगतो, आणि गोरजाईच्या दर्शनाला तो समाज आजही वैरागडला जमतो. त्या किल्ल्यावर चालायचे तर सोबत गावातला माणूस हवाच. दगड कोणता आणि देव कोणता, हे तोच दाखवेल.

दरवर्षी हजारो पर्यटक ताडोबाला येतात. पहाटे जिप्सीत बसतात, वाघ पाहतात आणि नागपूरची गाडी धरतात. मोहर्ली ते ताडोबा रस्त्याच्या कडेला गोंडकाळातले दगडी खांब उभे आहेत, तेवढेच गोंड राज्य त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकते. त्यांना माझी एवढीच विनंती आहे: एक सकाळ चंद्रपूरसाठी राखून ठेवा. पायात बंद बूट घाला, पाण्याची बाटली घ्या, ती रिकामी झाली तरी परत न्या, आणि परकोटावर भेटणाऱ्या आजींना खिडक्यांची नावे विचारा.