परळची शाळा आणि देणगीदारांचा अखत्यार

जुन्या सार्वजनिक संस्थांचे वार्षिक अहवाल वाचण्याचा मला फार दिवसांपासून नाद आहे, आणि त्याचे समर्थन करण्याच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. प्रारंभीचे अध्यक्षीय भाषण, समारंभास उपस्थित राहिलेल्या प्रतिष्ठितांची नामावळी, बक्षीस समारंभात एखाद्या लेडीसाहेबांनी मुलांना वाटलेला खाऊ, हे सारे ओलांडून मी सरळ शेवटच्या पानांवर जातो. कारण तेथे बारीक टाइपात वर्गणीदारांची यादी असते, आणि त्या यादीत शेकड्यांनी रुपये देणाऱ्या शेटजींच्या खाली दोन आणे देणारा 'एक हितचिंतक'ही त्याच इतमामाने बसलेला असतो. ही यादी वाचून झाली, की मी कार्यकारी मंडळाची यादी काढतो आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहतो. गरीब आणि निराधार मुलांसाठी या मुंबई शहराने गेल्या दीडशे वर्षांत जे काही केले, त्यातले अर्धे मर्म मला या दोन याद्यांत सापडत आले आहे.

गिरगावाची परंपरा वाचकांना ठाऊकच आहे. 1867 साली डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी प्रार्थनासमाज स्थापन झाला; पुढे आठ वर्षांनी समाजाचे एक अनुयायी लालशंकर उमियाशंकर यांनी पंढरपुरास टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला आणि दुष्काळात त्याचे अनाथाश्रमात रूपांतर झाले. डेव्हिड ससूनच्या नावाची सुधारशाळा त्याआधीची, 1857 ची. उमरखाडीचे बालगृह आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी ही 1924 च्या बालकायद्यानंतरची. या सर्वांची हकीकत उपयुक्त आहे, पण ती इतरत्र वाचावयास मिळते. मला थांबावयाचे आहे ते परळला, 1906 च्या दिवाळीतील पाडव्याच्या दिवशी.

त्या दिवशी, म्हणजे 18 ऑक्टोबर रोजी, परळ येथे ग्लोब मिलनजीक मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकरांच्या हस्ते एक प्राथमिक शाळा उघडली. ती अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी होती आणि तिच्यामागे विठ्ठल रामजी शिंदे उभे होते. जमखंडीचा हा मराठा तरुण ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करून 1903 साली परतला होता आणि गिरगावातील राममोहन आश्रमात राहून प्रार्थनासमाजाचे प्रचारकार्य करीत होता. निराश्रितांसाठी स्वतंत्र मिशन काढण्याची त्याची योजना पुष्कळांना पसंत होती. पण पसंतीवर शाळेचे भाडे भागत नाही, मास्तरांचा पगारही भागत नाही. शेवटी शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी एक हजार रुपये पुढे केले आणि काम मार्गी लागले. चंदावरकर अध्यक्ष झाले, सुखडवाला उपाध्यक्ष झाले, शिंदे चिटणीस झाले. ज्यांच्या मुलांसाठी ही सारी खटपट होती, त्यांच्यापैकी या तीन जागांवर कोणी नव्हते. त्या काळी हे कोणास खटकले असेल असे मला वाटत नाही.

शिंद्यांची महती थोर आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यांच्या बहिणीचे, जनाबाईंचे, कुतूहल अधिक वाटते. घरी त्यांना जनाक्का म्हणत. बालपणी लग्न झाले, सासरी छळ झाला, आणि माहेरी परत आलेल्या या मुलीने शिकावे असे भावाने ठरविले. पुण्यास धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 साली निघालेला होता, तेव्हा शिंद्यांनी प्रथम तेथे प्रयत्न केला. पण जनाक्का ब्राह्मणेतर, आणि म्हणून तिची तेथे सोय होऊ शकली नाही. ती पुढे हुजूरपागेच्या शाळेत शिकली. या प्रसंगावरून कर्व्यांस दोष देणे फार सोपे आहे, आणि माझ्या मते ते चुकीचेही आहे. स्वतः विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसलेला तो मनुष्य मनाने कोता नव्हता. पण आश्रम चालत होता तो गावोगाव हिंडून, दारोदार उभे राहून मिळविलेल्या वर्गणीवर. आणि वर्गणी देणारा मनुष्य रुपयाबरोबर आपल्या समजुतीही संस्थेच्या दप्तरी रुजू करतो. आश्रमात कोणास घ्यावे आणि कोणास घेऊ नये, याचा निर्णय चालकांच्या अंतःकरणात जेवढा होत असेल, त्याहून अधिक वर्गणीदारांच्या ओसरीवर होत असतो, असे मी या वाचनातून शिकलो.

तीच जनाक्का पुढे परळला आली. शाळा उघडल्यावर लवकरच निराश्रित सेवासदन या नावाने घरोघर जाऊन सेवा करण्याचे काम सुरू झाले, आणि त्यात जनाबाईंच्या जोडीला सय्यद अब्दुल कादर आणि त्यांच्या पत्नी कल्याणीबाई हे दांपत्य होते. एक मराठा परित्यक्ता आणि एक मुसलमान घरातून आलेला ब्राह्मोपंथी गृहस्थ गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या वस्तीत महारचांभारांच्या खोल्यांतून फिरत आहेत, तान्ह्या मुलांची चौकशी करीत आहेत, शाळेत न आलेल्या पोराला हाताला धरून आणीत आहेत, हे दृश्य 1907 च्या मुंबईत किती विलक्षण वाटले असेल याची कल्पना करावी. देणगीदारांच्या कोणत्याही यादीत जनाबाईंचे नाव मोठ्या टाइपात येण्याचा संभव नव्हता, कारण त्यांनी रुपये दिले नाहीत. त्यांनी दिले ते हिशेबाच्या वहीत घालता येत नाही, आणि म्हणून बहुधा इतिहासातही नीट घातले गेले नाही.

मिशन वाढले. देवनारला म्युनिसिपालिटीच्या सफाईवाल्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली, मदनपुऱ्यात निघाली, कामाठीपुऱ्यात निघाली. 1908 साली पुण्यास शाखा उघडली, आणि तिच्या इमारतीसाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी वीस हजार रुपये दिले, तेव्हा वास्तूला अहल्याश्रम हे नाव मिळाले. शेटजींचा हजार आणि महाराजांचे वीस हजार हे आकडे पाहून आपण संतुष्ट होतो. पण अशा संस्थांचे वार्षिक जमाखर्च पाहिले तर ध्यानात येते, की महिन्याच्या अखेरीस मास्तरांचा पगार चुकता होतो तो लहान रकमांवर. मोठी देणगी इमारत बांधते. इमारतीत दिवा लावते ती नियमित वर्गणी.

याच सुमारास, या शाळेपासून फार दूर नव्हे, लोअर परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजी सकपाळांचा पंधरा वर्षांचा मुलगा राहत होता आणि एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता. 1907 साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सीताराम केशव बोल्यांच्या अध्यक्षतेखाली त्याचा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. केळुसकर हे मास्तर. त्यांच्यापाशी देण्यासारखा पैसा नव्हता. पण त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि भीमरावास दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे परदेशच्या शिष्यवृत्तीबरोबर बडोद्याची दहा वर्षे चाकरी करण्याचा करारही आला, आणि 1917 साली तो पाळण्यास गेलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहावयास जागा मिळेना, हे वाचकांस ज्ञात आहे. देणगी घेणाऱ्या मुलाचे पुढे काय होते हे देणारा क्वचितच पाहतो.

आता शिंदे आणि हाच मुलगा, म्हणजे भीमराव आंबेडकर, यांच्यातील भांडणाकडे येतो. 1920 साली नागपुरास शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. नव्या कायदेमंडळांत अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडावेत हा तेव्हा वादाचा विषय होता, आणि मिशनच्या वतीने शिंद्यांनी सरकारास असे सुचविले होते, की ही निवड कायदेमंडळाच्या सभासदांनी करावी. म्हणजे सरकारने नव्हे आणि अस्पृश्यांच्या स्वतःच्या संस्थांनीही नव्हे. आंबेडकरांनी ही सूचना परिषदेत खोडून काढली आणि तिच्या निषेधाचा ठराव करून घेतला. शिंद्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. हा मनुष्य घरदारासह परळच्या वस्तीत राहिला होता. पण या प्रश्नावर आंबेडकरांचे बरोबर होते आणि शिंद्यांचे चुकले होते, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. मुलास अक्षरे शिकविणाराने त्याच्या बापाचे मुखत्यारपत्रही आपल्याच खिशात ठेवावे, हा व्यवहार प्रेमाचा असला तरी न्यायाचा नव्हे. शिंदे पुढे 1923 साली मिशनच्या कारभारातून बाहेर पडले.

आणि मग परळमध्येच पुढचे प्रकरण घडले. सोशल सर्व्हिस लीगच्या दामोदर हॉलमध्ये 9 मार्च 1924 रोजी आंबेडकरांनी सभा बोलाविली आणि 20 जुलै रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची घटना पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर अशी भारदस्त नावे. पण प्रत्यक्ष कारभार ज्या मंडळाकडे होता त्याचे अध्यक्ष आंबेडकर, चिटणीस सी. ना. शिवतरकर आणि खजिनदार एन. टी. जाधव. प्रतिष्ठितांचा आशीर्वाद घेतला, पैसा घेतला, सल्लाही घेतला. तिजोरीची किल्ली मात्र ज्यांच्या मुलांसाठी पैसा होता त्यांच्याच हाती ठेवली. 4 जानेवारी 1925 रोजी या सभेने सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. अठरा वर्षांपूर्वी त्याच परळला तयार झालेल्या पहिल्या यादीशी ही यादी ताडून पाहिली, म्हणजे मधल्या काळात काय बदलले ते कळते. माझ्या मते निराधार मुलांसाठी चाललेल्या मुंबईच्या दानधर्माच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही, आणि तिचा या दृष्टीने कोणी उल्लेखही करीत नाही.

आजच्या परिस्थितीविषयी थोडक्यात. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून आणि लालबागच्या राजाच्या मंडपात 1934 पासून वर्गणीची जी धारा वाहते आहे, तिचा काही अंश अभ्यासिकेकडे, पुस्तकपेढीकडे, रुग्णसेवेकडे वळतो, ही चांगली गोष्ट आहे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या लेकरांचे आईबाप दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, तेथेही लोकांचाच पैसा आहे. उलट परळचे वाडिया बालरुग्णालय, जे 1929 पासून मुलांवर उपचार करीत आले, ते 2020 च्या जानेवारीत सरकार आणि महापालिका यांच्या थकलेल्या अनुदानामुळे बंद पडण्याच्या बेतास आले होते आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हा सरकारी तिजोरीपेक्षा चाळीतली वर्गणी अधिक भरवशाची, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय निर्माण केले, आणि ताळेबंद तपासून घेण्याची सक्ती झाली. रुपया कोठे गेला हे त्यामुळे पुष्कळसे कळते. विश्वस्तांच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे, हे विचारण्याची मात्र कोणास सवय लागलेली नाही.

म्हणून या दिवाळीत आपल्या दारी एखाद्या बालकाश्रमाचे किंवा मंडळाचे पावतीपुस्तक आले, तर रक्कम अवश्य लिहावी, शक्य असेल तर दर महिन्याची लिहावी, आणि संस्थेचा अहवाल मागून घ्यावा. अहवाल हाती आला, की कार्यकारी मंडळाची यादी काढून एवढेच विचारावे: या संस्थेत वाढलेले, या संस्थेच्या पैशावर शिकलेले, यांच्यात कितीजण आहेत? उत्तर 'एकही नाही' असे आले तर वर्गणी थांबवू नये. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारावा.