टाळगावातले कान आणि त्यांचे साचे

चिखलीला जुनी माणसे आजही टाळगाव चिखली म्हणतात. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचे टाळ येथे पडले, अशी श्रद्धा आहे. आता या गावाभोवती, कुदळवाडी, तळवडे, भोसरीपासून पलीकडे चाकणपर्यंत, पॉवर प्रेस, फोर्जिंगचे घण आणि पत्रा कापणारी यंत्रे चालतात. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता. त्याची खूण विलक्षण आहे. तो बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. खर्जातले आवाज बरीच वर्षे शाबूत राहतात. अशा माणसाला पखवाजाची थाप ऐकू येते, टाळाची किणकिण मात्र विरत जाते. ‘सात’ म्हटले तर ‘हात’ ऐकू येते. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही तक्रार तिथली.

कानाचे मशीन घेताना घरच्यांचे सगळे लक्ष मशीनच्या किमतीकडे असते. कानामागच्या मशीनमधला आवाज नळीवाटे आत पोचवणारा छोटासा तुकडा, म्हणजे इअर मोल्ड किंवा साचा, दुर्लक्षित राहतो. तो चुकला तर भारी मशीनही कपाटात पडते, हे मला फार खटकते.

प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिला दोन वळणे असतात, जबडा हलला की तिचा आकार बदलतो आणि एकाच माणसाचे दोन्ही कानही तंतोतंत सारखे नसतात. म्हणून प्रत्येक कानाचे माप वेगळे घेतात. आधी कानात उजेड टाकून मळ आणि पडदा तपासतात. मग दोरा बांधलेला स्पंजाचा बोळा दुसऱ्या वळणापलीकडे बसवून सिरिंजने मऊ सिलिकॉन भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होते. बोळा नसेल तर सिलिकॉन पडद्यापर्यंत जाऊ शकते, तेव्हा बोळ्याशिवाय माप देऊच नये. या कौशल्याचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत शिकवला जातो.

साच्याचा प्रकार ठरतो तो बहिरेपणा, कान आणि हात पाहून. बहिरेपणा तीव्र असेल तर कानाची वाटी पूर्ण भरणारा ‘फुल शेल’ लागतो, कारण फटीतून निसटलेला आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचला की मशीन शिट्टी वाजवते. ‘स्केलेटन’मध्ये वाटीच्या कडेची कडी तेवढी उरते, तो हलका असतो आणि डोळ्यांत भरत नाही. ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत त्यांना साच्याचे वरचे टोक कानाच्या घडीत सरकवणे जमत नाही. त्यांना ‘हाफ शेल’ किंवा फक्त नलिकेत बसणारा ‘कॅनाल’ सोयीचा. ॲक्रिलिक घालायला सोपे, आणि टोचले तर घासून दुरुस्त करता येते. सिलिकॉन घट्ट बसते आणि मऊ असते, म्हणून लहान मुलांसाठी बरे. तान्ह्या बाळाचा कान इतक्या झपाट्याने वाढतो की पहिल्या वर्षात साचा पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. हा खर्च टाळला की बाळ ऐकण्याच्या ऐन काळात शिट्टीच ऐकते.

प्रेसवर आयुष्य घालवलेल्या कामगाराचे गणित तीव्र बहिरेपणाच्या उलट आहे. त्याचे जाड आवाज शाबूत असतात. त्याचा कान फुल शेलने बुजवला तर ते नैसर्गिक आवाज अडतात आणि स्वतःचे बोलणे माठात घुमल्यासारखे वाटते. त्याला मोठे छिद्र असलेला किंवा जवळजवळ उघडा साचा हवा. छिद्रातून जाड आवाज मोकळे ये-जा करतात आणि मशीन फक्त बारीक आवाज वाढवते. साच्यातली नळी टोकाकडे चार मिलिमीटरपर्यंत रुंद करत नेली तर हे बारीक आवाज आणखी जोमाने पोचतात. त्या रचनेला लिबी हॉर्न म्हणतात. छिद्र किती मोठे हवे, ते श्रवण आलेख पाहूनच ठरवावे.

कामगारांच्या जिवाशी निगडित एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायला हवी. मशीन बंद करून साचा कानात ठेवला की गोंगाटापासून बचाव होतो, असे मानू नये. छिद्राच्या साच्यातून घणाचा आवाज आत शिरतोच, आणि चालू मशीन तर तो वाढवते. कानाच्या मापावरूनच बिनछिद्राचा, आवाज अडवणारा वेगळा प्लग करून मिळतो. पाळीवर जाताना तो घालावा आणि मशीन कोरड्या डबीत ठेवावे.