मिगेल देलिबेस यांच्या कादंबऱ्यांतील ग्रामजीवन आणि बालदृष्टी

स्पॅनिश कादंबरीकार मिगेल देलिबेस (१९२०-२०१०) यांच्या बालकेंद्री कादंबऱ्या हरवलेल्या खेड्याचे स्मरणरंजन म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. हे वाचन अपुरे ठरते. त्यांच्या लेखनातील मूल हे ‘प्रगती’ या संकल्पनेची कठोर तपासणी करते. १९७५ मध्ये स्पॅनिश अकादमीतील प्रवेशाच्या भाषणासाठी त्यांनी हाच विषय निवडला होता.

‘एल कामिनो’ (१९५०), म्हणजे ‘वाट’, या कादंबरीत अकरा वर्षांचा दानिएल शिक्षणासाठी शहरात जाण्याच्या आदल्या रात्री जागा आहे. चीज तयार करणारा त्याचा बाप मुलाने आपल्याहून मोठे व्हावे म्हणून पोटाला चिमटा घेतो. लोहाराचा रोके, पक्ष्यांचा जाणकार असा चांभाराचा हेर्मान आणि नदी यांना सोडून नेमके काय मिळवायचे, हे मात्र दानिएलला उमगत नाही. हेर्मान खडकावरून पडून दगावतो, तेव्हा दानिएल गलोलीने टिपलेला पक्षी त्याच्या शवपेटीत गुपचूप ठेवतो. गावाला तो चमत्कार वाटतो! मोठ्यांची श्रद्धा आणि मुलाची मैत्री यांतील हे अंतर देलिबेस कोणाचाही उपहास न करता दाखवतात. निवेदन तृतीयपुरुषी असूनही गावाचे माप मुलाच्या आठवणींनीच घेतले जाते.

‘लास रातास’ (१९६२), म्हणजे ‘उंदीर’, या कादंबरीचे जग अधिक उजाड आहे. देलिबेस तेव्हा ‘एल नोर्ते दे कास्तिया’ या दैनिकाचे संचालक होते. फ्रँकोकालीन नियंत्रणामुळे कास्तियातील शेतकऱ्यांची जी दैना दैनिकात छापता येत नव्हती, ती त्यांनी कादंबरीत मांडली. पाण्यातील उंदीर पकडून विकणाऱ्या रातेरोसोबत नीनी गुहेत राहतो. पाऊस, गारठा, पेरणी यांविषयी प्रौढ शेतकरी या पोराला विचारतात. शासनाला मात्र त्या गुहा रिकाम्या करावयाच्या आहेत. परकीय पाहुण्यांपुढे त्या लाजिरवाण्या दिसतात. मूल आरोप करीत नाही, केवळ पाहते, आणि तेवढ्याने शासकीय दाव्यांचा पोकळपणा उघडा पडतो. नीनी क्वचित मुलापेक्षा ऋषीच अधिक वाटतो, ही त्रुटी मान्य करावी लागते. दानिएलच्या चित्रणात ती नाही.

उंदरांच्या वाट्यावरून रातेरो अखेरीस एका प्रतिस्पर्ध्याचा जीव घेतो. उंदीर आपलेच होते, एवढेच त्याला कळते. बाहेरच्यांना हे पटणार नाही, हे जाणणारा तेथे एकटा नीनीच असतो.