सरकारी दवाखाना नेमका कुणाचा?

गैरसमज : सरकारी दवाखाना गरिबांचाच. पैसेवाला तिथं कशाला जाईल?

वस्तुस्थिती : जातो, आणि मोठ्या इस्पितळात जातो. १९९५-९६च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणावरून अर्थतज्ज्ञ अजय महाल आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडला होता. ऐपतीनुसार लोकांचे पाच सारखे गट पाडायचे, कोणत्या गटातले लोक कुठल्या सरकारी दवाखान्यात किती गेले ते पाहायचं आणि त्याला तिथल्या एका उपचारावरच्या सरकारी खर्चानं गुणायचं. सगळ्यांत गरीब गटावर एक रुपया पडला, तर वरच्या गटावर सुमारे तीन! वरचा गट म्हणजे बंगलेवालेच असं नव्हे. पगारदार कारकून आणि मास्तरही त्यातच. इतर देशांतही हेच दिसतं. घानात १९९२ साली सरकारी आरोग्यखर्चातले १२ टक्के तळच्या गटाला मिळाले, ३३ टक्के वरच्याला. गिनीत तर ४ आणि ४८.

यात कुणी चोरी केली असं नाही. गावातल्या उपकेंद्रात ताप तपासून गोळ्या देण्याचा खर्च थोडा; शहरातल्या इस्पितळात आठवडाभर खाट अडवण्याचा कितीतरी पट. त्या खाटेपर्यंत पोचतो कोण? शहराजवळ राहणारा, चिठ्ठी मिळवू शकणारा, रजा काढू शकणारा. शिक्षणातही तेच : प्राथमिक शाळेचा पैसा गरिबाच्या पोरापर्यंत बऱ्यापैकी जातो, विद्यापीठाचा क्वचितच, कारण ते पोर तिथवर टिकतच नाही.

गैरसमज : उपचार फुकट केले की झालं.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. चांगलंच झालं. पण तालुक्याला जायचं एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचीही बुडालेली रोजी आणि ‘हे बाहेरून आणा’ म्हणून हातात आलेली चिठ्ठी, हा खर्च राहतोच. शिवाय गेल्यावर कुणी भेटायला हवं. उदयपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या पाहणीत उपकेंद्रांतल्या नर्सबाई जवळपास निम्म्या वेळा जागेवर नव्हत्या. मग माणूस खासगी डॉक्टरकडे वळतो, तो शिकलेला असो वा नसो.

गैरसमज : मग सरकारनं हात आखडताच घ्यावा.

हा निष्कर्ष लोक फार लवकर काढतात. रुपयांत वाटा लहान असला, तरी गरिबाच्या तुटपुंज्या मिळकतीपुढे तोच मोठा असतो. आणि वाटणी बदलते. महाल यांच्याच हिशेबात केरळ-तमिळनाडूत ती बरीच सारखी निघाली, बिहारमध्ये फारच कललेली.

वाटेतली गळतीही कमी करता येते. युगांडात १९९१ ते ९५ दरम्यान प्राथमिक शाळांसाठीच्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचत होते. पुढे सरकारनं कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम धाडली ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांनाही आलेली रक्कम दर्शनी भागात लावायला लावली. २००१पर्यंत ८० टक्क्यांहून अधिक पैसा पोचू लागला. सगळं श्रेय छापील आकड्यांचं नाही, वरून देखरेखही वाढली होती. पण किती पैसे यायला हवे होते, हे आता मुख्याध्यापकांना आणि पालकांनाही ठाऊक होतं.