मोटारीची कांच आणि पावसाळी पांखरें

मोटार घ्यावयाची म्हटली म्हणजे घरांत महिनाभर खल होतो. किंमत किती, पेट्रोल किती लागेल, आजींना चढतां-उतरतां येईल कीं नाहीं, मागच्या आसनावर तीन माणसें बसून चौथ्या पोराला मांडीवर घ्यावें लागेल काय, या साऱ्या गोष्टी बोलल्या जातात. रंगावरून तर वहिनी आणि मुलें यांच्यांत चांगलीच जुंपते. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याच मोटारीच्या पुढच्या अंगावर किती जीव आपटून मरतात, व त्यांच्या चिकट अवशेषांनीं कांच, दिवे आणि रेडिएटर यांची काय दशा होते, याचा विचार खरेदीच्या वेळीं कोणी केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. विषय क्षुल्लक व थोडासा किळसवाणा आहे, हें आम्हांस मान्य आहे. तथापि आमच्याच घरच्या एका प्रसंगानें तो आम्हांस क्षुल्लक वाटेनासा झाला. सबब वाचकांची क्षमा मागून येथें मांडीत आहों.

बल्लारपूर हें गांव वर्धा नदीच्या कांठीं आहे. कागदाची गिरणी, कोळशाच्या खाणी आणि दक्षिणोत्तर धांवणाऱ्या लोहमार्गावरील मोठें स्थानक, एवढें ऐकून परगांवच्या माणसाला तें सर्वस्वीं धुराचें गांव वाटतें. पण बामणीच्या नाक्यावरून कोठारीची वाट धरली कीं घटकाभरांत सागाचें रान सुरू होतें. या रानाचा बराच भाग २०२१ सालीं कन्हाळगाव अभयारण्य म्हणून जाहीर झाला. गोंडपिपरी ओलांडून वैनगंगेकडे सरकावें तों रान विरळ होऊन दोहों बाजूंस धानाचीं बांध्या लागतात. रान आणि धान, दोन्हीं किड्यांचीं माहेरघरें. आणि आमचा रस्ता दोहोंच्या मधून जातो.

मृगाची पहिली सर पडून गेली, कीं त्याच संध्याकाळीं वाळवीचीं पंख फुटलेलीं पांखरें वारुळांतून बाहेर पडतात. आपल्या घरच्या दिव्याभोंवतीं तीं कशीं घिरट्या घालतात आणि सकाळीं केरसुणीनें पंखांचे ढीग कसे गोळा करावे लागतात, हें कोणत्याहि गृहिणीला सांगावयास नको. पंख गळणें हा त्यांचा मृत्यु नव्हे. पंख टाकून नर-मादीचें जोडपें मातींत शिरतें व नवें वारूळ मांडतें. म्हणजे तो त्यांचा लग्नसमारंभच. त्यामागून सागावरचे पतंग येतात. एका जातीची अळी सागाचें पान सबंध फस्त करते. दुसरीची अळी शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून पानाची चाळण करते. पावसाळ्यांत हिरवें रान मधूनच करपल्यासारखें दिसतें तें पुष्कळदां यांच्याच कृपेनें. आणि दसऱ्याच्या सुमारास, धान लोंबीवर आलें म्हणजे, तुडतुडे उठतात. हा हिरवा किडा तांदळाच्या दाण्याएवढाहि नाहीं. परंतु तो एकटा कधीं येत नाहीं.

आमचा प्रसंग या तुडतुड्यांचाच. सन २०२२ ची भाऊबीज. नाना आणि दादा आजींना व वहिनींना घेऊन अहेरीस आत्यांकडे गेले होते. मागच्या आसनावर आम्हीहि होतों. ओंवाळणें, जेवणें, मग आत्यांचा चहा, असें करतां करतां दिवस कलला. आत्या राहण्याचा आग्रह करीत होत्या. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं नानांना कामावर हजर व्हावयाचें असल्यामुळें निघालों. आलापल्ली गेली, आष्टीचा पूल आला. द्वितीयेची चंद्रकोर केव्हांच मावळली होती. पूल ओलांडून धानाच्या बांध्यांतून जाऊं लागलों, तों दिव्यांच्या झोतांत कोणीं मुठींनीं हिरवा भुसा उधळावा तसें दिसूं लागलें. प्रथम मुलांना गंमत वाटली. पांच मिनिटांत कांचेवर कण न् कण बसून ती धुरकट झाली. दादांनीं वायपर सुरू केला. त्याबरोबर पाण्याची पिचकारी उडावयाची ती उडाली नाहीं, कारण टांकींत पाणीच नव्हतें. कोरड्या रबरानें किडे निघाले नाहींत, फांसले गेले. सबंध कांचेवर ताक सांडल्यासारखा पांढुरका लेप बसला.

तोंपर्यंतहि दादा अंदाजानें चालवीत होते. गोंडपिपरी मागें पडून रान लागल्यावर समोरून एक ट्रक आला. त्याच्या दिव्यांचा उजेड त्या लेपावर पडतांच आमच्यापुढें जणूं चुन्याची भिंत उभी राहिली. रस्ता नाहीं, कडेचीं झाडें नाहींत, कांहीं नाहीं. ट्रक निघून गेला आणि त्याच क्षणीं वहिनी "अहो, थांबा!" असें ओरडल्या. रानडुकरांचा कळप, पिलांसकट, अगदीं पुढ्यांत. मोटार थांबली. आजींचें कपाळ पुढच्या आसनावर आपटलें, फराळाचा डबा उपडा झाला. कळप मात्र निमूटपणें पलीकडे गेला. वाघाच्या रानांत रात्रीं खालीं उतरण्याची सोय नाहीं. नानांनीं खिडकींतून हात लांब करून तांब्यांतलें पाणी कांचेवर ओतलें, दादांनीं आपल्या बाजूनें पंच्यानें जेवढी वीतभर जागा पुसतां आली तेवढी पुसली, आणि त्या झरोक्यांतून पाहत आम्ही बैलगाडीच्या चालीनें कोठारीस पोंचलों.

मागाहून नानांनीं कागदावर हिशोब मांडला. मोटारीचा वेग तासाला साठ किलोमीटर होता असें धरलें, तर ती सेकंदाला सुमारें १७ मीटर जाते. पाहून पाय ब्रेकवर येईतों एक सेकंद जातो. पुढें पूर्ण थांबावयास आणखी वीसएक मीटर लागतात. दिव्यांचा जवळचा झोत चाळीस-पन्नास मीटरांपलीकडे फारसा उपयोगी पडत नाहीं. म्हणजे कांच आरशासारखी स्वच्छ असली तरी दिसणारा जवळजवळ सगळा रस्ता थांबण्यांतच खर्च होतो; मळलेल्या कांचेला देण्यासाठीं शिल्लक कांहींच उरत नाहीं. आमच्या घरीं तो कागद अजून जपून ठेवला आहे.

घरीं आल्यावर दुसरा अनर्थ झाला. मुलांना वाटलें, आपण मोटार लखलखीत करून मोठ्यांना थक्क करावें. त्यांनीं भांडीं घासण्याची पूड आणि नारळाचा काथ्या घेऊन दिवे घासले! पूर्वीच्या मोटारींचे दिवे कांचेचे असत. हल्लींचे बहुतेक पॉलिकार्बोनेट नांवाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे असतात, आणि त्यांवर ओरखडा चटकन् उठतो. किडे गेले, पण दिव्यांना मोतीबिंदू झाला. पोरांचा हेतु चांगला होता, म्हणून कोणी रागें भरलें नाहीं. नाना तेवढे दिवसभर गप्प होते.

किड्याचा डाग एवढा हट्टी कां, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. किड्याच्या अंगांत आपल्यासारखें तांबडें रक्त नसतें. हिरवट-पिवळट असा द्रव असतो. (कांचेवर तांबडा ठिपका दिसलाच, तर तो माशीच्या डोळ्यांतील रंगाचा किंवा डासानें कोणाच्या तरी अंगांतून चोरलेल्या रक्ताचा समजावा.) हा द्रव उघड्या हवेंत थोड्याच वेळांत घट्ट होऊं लागतो, जखम बुजविण्याची ती निसर्गाची योजना आहे. आदळण्याच्या जोरानें तो पातळ थरासारखा पसरतो आणि तसाच गोठतो. त्यांत प्रथिनें व चरबी असून वर कवचाचे तुकडे रुतलेले असतात. त्यावर दुसऱ्या दिवशींचें ऊन पडलें कीं तो खळीसारखा वाळतो, आणि फार दिवस राहिल्यास रंगावरील चकचकीत थराला कायमचा डाग पाडतो. आमच्याकडे तर ऊन म्हणजे काय तें चंद्रपूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांस वर्तमानपत्रांतूनच ठाऊक असेल.

हा त्रास केवळ मोटारवाल्यांचाच आहे असें नाहीं. विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर किडे चिकटले, तर पंखावरून गुळगुळीतपणें वाहणारी हवा विस्कटते व इंधन अधिक जळतें. म्हणून अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेनें किडे चिकटूं न देणारे लेप तयार करून २०१५ सालीं लुइझियाना प्रांतांतील श्रीव्हपोर्ट येथें एका बोइंग विमानाच्या पंखावर त्यांची परीक्षा घेतली. त्यांतल्या सरस लेपानें घाण सुमारें ४० टक्क्यांनीं कमी झाली. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेची ही कथा. मग बाजारांतल्या एखाद्या बाटलीवर 'एकहि किडा चिकटणार नाहीं' असें छापलेलें आढळल्यास तें कितपत खरें मानावें, हें वाचकांनींच ठरवावें.

तेव्हां घाण बसणारच असें धरून चालावें, आणि ती सुटेल कशी याची तजवीज आधीं करावी. पावसाळ्यापूर्वीं बॉनेट व बंपर यांवर मेणाचा हात द्यावा. त्यामुळें किडा चिकटतो तो मेणाला, रंगाला नव्हे. पुढच्या भागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवून मिळतो. तो चांगला टिकतो, पण खर्चाचा आहे, व नव्या मोटारीखेरीज त्याचा आग्रह आम्ही धरणार नाहीं. कांचेच्या पाण्याची टांकी दर आठवड्याला पाहावी. तींत कपड्यांचा साबण घालूं नये. फेंस होऊन नळी तुंबते. त्यासाठींच विकत मिळणारें द्रावण पाण्यांत मिसळावें. कांचेवर मोठे किडे फुटले असतील, तर आधीं पाणी आणि मग वायपर, हा क्रम कधींहि उलटा करूं नये.

मुक्कामास पोंचल्यावर घासाघीस न करतां एक जुनें सुती धोतर पाण्यांत भिजवून पुढच्या अंगावर पसरून ठेवावें. पंधरा मिनिटांत वाळलेला लेप फुगतो व हलक्या हातानें निघून येतो. आमच्या वहिनी त्या पाण्यांत रिठ्याचा काढा थोडा घालतात. हें सर्व त्याच रात्रीं, निदान दुसऱ्या दिवशींचें ऊन चढण्याच्या आधीं झालें पाहिजे. काथ्या, राख, वाळू आणि घासणी यांना मोटारीजवळ फिरकूं देऊं नये. दिव्यांना रॉकेलहि लावूं नये.

रेडिएटरची गोष्ट निराळी, कारण तो दिसत नाहीं. मोटार थंड करणारी हवा त्याच्या बारीक पत्र्यांमधून जाते आणि किडे नेमके त्याच फटींत जाऊन बसतात. त्याच्यापुढें एअर-कंडिशनरची तशीच दुसरी चौकट असते. दोहोंच्या मध्यें किड्यांची अक्षरशः गादी सांपडल्याचें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. उन्हांत चढावावर कांटा तांबड्याकडे सरकूं लागला तर हेंहि एक कारण असूं शकतें. यास उपाय म्हणजे पुढच्या जाळीमागें मच्छरदाणीसारखी, पण तिच्याहून मोकळ्या विणीची जाळी ताणून बांधणें. वीण फार दाट असली तर हवाच अडते आणि रोगापेक्षां औषध भारी होतें. नव्या मोटारींत पुढें अंतर मोजणारें यंत्र किंवा कॅमेरा असल्यास त्यावर जाळी येऊं देऊं नये. रेडिएटर धुवावयाचा तो यंत्र निवाल्यावर, मंद धारेनें, आणि साधेल तर आंतून बाहेर. जोराच्या फवाऱ्यानें पत्रे वांकतात.

एवढें सर्व करूनहि एक गोष्ट उरते, आणि ती आमच्या आजींनीं काढली. त्या चातुर्मासांत दिवा झांकून ठेवतात. पांखरूं जळूं नये म्हणून रात्रीं उघड्या समईची वात लहान करतात. कपाळाला टेंगूळ आलेलें असतां त्या म्हणाल्या, "आपण वाचलों तें ठीक झालें, पण त्या कांचेवर मेले ते मोजले का कोणीं?"

मोजणारे निघाले आहेत! डेन्मार्कमधील अँडर्स पापे म्योलर या शास्त्रज्ञांनीं १९९७ पासून २०१७ पर्यंत दोन ठराविक रस्त्यांवरून मोटार नेऊन कांचेवर मेलेले किडे मोजले. त्या वीस वर्षांत एका रस्त्यावर ते ८० टक्क्यांनीं आणि दुसऱ्यावर ९७ टक्क्यांनीं घटले. पांखरांना चारा उरेना, तशीं तीं किडे खाणारीं पांखरेंहि तेथें कमी झालीं. जर्मनींतील राखीव क्षेत्रांत जाळीं लावून २७ वर्षें केलेल्या मोजणींतहि उडणाऱ्या किड्यांचें वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. तेथील लोकांची कांच स्वच्छ राहते, पण त्याचा त्यांना आनंद होत नाहीं. हें नानांनीं वाचून दाखविलें तेव्हां आजींना तें पटलें नाहीं. किडे संपतात कसे, असें त्या म्हणाल्या. आष्टीच्या पुलावरची ती रात्र डोळ्यांपुढें असतां त्यांना दोष तरी कसा द्यावा?

दिव्याकडे हे जीव कां ओढले जातात, याविषयीं २०२४ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक सुरेख उलगडा केला. उडणारा किडा आपली पाठ नेहमीं उजेडाच्या बाजूस ठेवतो, कारण सृष्टींत उजेड म्हणजे आकाश, म्हणजे वरची दिशा. दिवा बाजूला असला कीं त्याला तेंच आकाश वाटतें, आणि तो त्याच्याकडे पाठ करून गोल गोल फिरत राहतो. म्हणजे तो दिव्यावर भाळलेला नसतो, चकलेला असतो. आजींना हें मात्र लगेच पटलें.

वेग कमी करण्यांत दोघांचाहि लाभ आहे. वेग निम्मा केला तर आदळण्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. हलके किडे तर कांचेवरून वर वळणाऱ्या हवेबरोबरच निसटून जातात. दादा आतां त्या रस्त्यानें रात्रीं चाळिसाच्या वर जात नाहींत. खरें म्हणजे रात्रीं जातच नाहींत. जाळी मृगाच्या आदल्या दिवशीं बांधतात आणि तुळशीच्या लग्नानंतर सोडतात. टांकींतलें पाणी पाहण्याचें काम, दिवे खरवडणाऱ्या त्या दोघां पोरांकडे सोंपविलें आहे, आणि तें तीं दर रविवारीं चुकवीत नाहींत. आत्यांनीं सुरुवातीस थोडी कुरकुर केली. पण आतां त्यांच्या घरीं भाऊबिजेचीं पानें सकाळीं साडेदहालाच वाढलीं जातात, आणि ओंवाळणें होतांच त्या स्वतःच घड्याळाकडे पाहूं लागतात.