आफ्रिकेतील लोकहितार्थ दान

आफ्रिका खंडातील धनिक व्यक्तींनी, घराण्यांनी वा व्यवसायसंस्थांनी आपल्या संपत्तीचा काही भाग आप्तांपलीकडील गरजू लोकांसाठी देणे आणि असे दान संस्थारूपाने व सातत्याने व्हावे म्हणून झालेले प्रयत्न. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिका म्हणजे केवळ साहाय्य घेणारे खंड, अशी समजूत जगभर रूढ झाली. ती अपुरी आहे. देण्याची परंपरा या खंडात फार जुनी असून ती खंडित मात्र अनेकदा झाली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मालीचा सुलतान मन्सा मूसा. मक्केच्या यात्रेस जाताना १३२४ मध्ये तो कैरोत थांबला व त्याने इतके सोने वाटले, की तेथे सोन्याचा भाव घसरला आणि सु. १२ वर्षे पूर्ववत झाला नाही, असे अल्-उमरी या अरब ग्रंथकाराने नमूद केले आहे. हे औदार्य राजवैभवाच्या प्रदर्शनाचे होते. गरिबीनिवारणाशी त्याचा संबंध थोडा. त्याहून टिकाऊ ठरली ती वक्फची पद्धत. जमीन वा इमारत कायमची धर्मकार्यास अर्पण करून तिच्या उत्पन्नातून मदरसे, रुग्णालये व पाणपोया चालविणे हे तिचे स्वरूप होय. मगरिबी देशांत तिला ‘हबूस’ म्हणतात. मोरोक्कोतील फेझ शहरातील कैरवान मशीद व विद्यापीठ फातिमा अल्-फिहरी या श्रीमंत व्यापाऱ्याच्या कन्येने ८५९ मध्ये वारशाच्या धनातून स्थापिले, असे परंपरा सांगते. आधुनिक काळात १९०८ मध्ये कैरो येथे खाजगी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा खेदीव इस्माइलची कन्या राजकन्या फातिमा हिने त्यास जमीन व आपले दागिने दिले. मात्र १९५२ च्या क्रांतीनंतर ईजिप्तमध्ये कौटुंबिक वक्फ कायद्याने रद्द झाले व सार्वजनिक वक्फ शासनाच्या ताब्यात गेले. ट्युनिशियातही स्वातंत्र्यानंतर हबूस पद्धत मोडीत काढण्यात आली. त्यांत सुधारणेचा हेतू होता व अव्यवस्थेची तक्रारही खरी होती. परंतु दात्याने ठरविलेला हेतू शासन केव्हाही बदलू शकते हा अनुभव पुढील पिढीतील धनिकांच्या मनात राहिला.

सहाराच्या दक्षिणेस दानाचे मूळ नात्यागोत्यात व परस्परसाहाय्यात आढळते. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांची ‘एसुसू’ ही आपल्याकडील भिशीसारखीच पद्धत आहे. इथिओपियात अंत्यविधीच्या खर्चासाठी ‘इद्दिर’, दक्षिण आफ्रिकेत ‘स्टॉकव्हेल’, केन्यात ‘चामा’ अशी मंडळे चालतात. केप टाउन विद्यापीठातर्फे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोझँबीक, नामिबिया, दक्षिण आफ्रिका व झिंबाब्वे या चार देशांतील अभ्यासात, गरीब माणूस गरिबालाच सतत देत असतो व त्या देण्याघेण्याचे नियम पक्के असतात, असे दिसून आले. परदेशी गेलेले आफ्रिकी लोक घरी पाठवितात त्या रकमाही याच प्रवाहातील आहेत. सहाराच्या दक्षिणेकडील देशांत अशा रकमा २०२२ मध्ये सु. ५,३०० कोटी डॉलर होत्या.

धनिकांच्या दानाचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. ज्याच्या हाती नवा पैसा आला त्याच्यावर भावंडांच्या मुलांची फी, गावातील आजारपण, लग्ने व मर्तिके यांचा भार आधीच येऊन पडतो. दक्षिण आफ्रिकेत या भारास ‘कृष्णवर्णीयांचा कर’ असे उपरोधाने म्हणतात. त्यामुळे ‘आणखी द्या’ असे आवाहन करणाऱ्यास ‘आम्ही देतच आहोत’ हे उत्तर मिळते व ते खोटे नसते. खरा प्रश्न नात्याच्या वर्तुळाबाहेरील अनोळखी गरजूपर्यंत ते देणे पोहोचते काय, हा आहे.

ते वर्तुळ राष्ट्राइतके विस्तृत करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग केन्यात झाला. १९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळताच जोमो केन्याटा यांनी ‘हरांबे’ (सर्व मिळून ओढू या) ही घोषणा दिली व ती राष्ट्रचिन्हावर कोरली गेली. (रेल्वेमार्ग बांधणाऱ्या भारतीय मजुरांच्या ‘हर अंबे’ या पुकाऱ्यातून हा शब्द आला, अशी एक आख्यायिका आहे; किनारपट्टीवरील हमालांच्या आरोळीत त्याचे मूळ शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.) गावकऱ्यांनी श्रम व किरकोळ रकमा द्याव्यात, श्रीमंतांनी मोठ्या देणग्या द्याव्यात आणि शासनाने शिक्षक वा डॉक्टर पुरवावा, अशी त्यामागील कल्पना होती. शेकडो माध्यमिक शाळा, दवाखाने व पाणीयोजना अशा रीतीने उभ्या राहिल्या. सभेत प्रमुख पाहुण्याची देणगी मोठ्याने जाहीर होई आणि येथेच दोष शिरला. निवडणुकीला उभे राहणारे पुढारी हरांबेच्या व्यासपीठावरून रकमा उधळू लागले. त्या रकमा कोठून आल्या हे कोणी विचारीत नसे. स्थानिक अधिकारी तर गरिबांकडून सक्तीने वर्गणी वसूल करीत. अखेर २००३ च्या लोकसेवक नीतिमत्ता अधिनियमान्वये अधिकारपदाचा उपयोग करून हरांबेसाठी देणग्या गोळा करण्यास लोकसेवकांना मनाई करण्यात आली. परंतु मूळ प्रेरणा नष्ट झाली नव्हती, याचे प्रत्यंतर २०११ च्या दुष्काळात आले. रेड क्रॉस व काही व्यवसायसंस्था यांनी ‘केन्यन्स फॉर केन्या’ या मोहिमेत चार आठवड्यांत ५० कोटी शिलिंग जमविण्याचे ठरविले आणि ते लक्ष्य ओलांडले गेले. २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइल सेवेमुळे अगदी लहान रक्कमही देणे सोपे झाले होते.

पूर्व आफ्रिकेतील भारतीय मूळ असलेल्या व्यापारी घराण्यांचा येथे उल्लेख करावयास हवा. कच्छमधून आलेले अलिदिना विश्राम यांचे नाव मोंबासातील विद्यालयास आहे. युगांडातील माधवानी घराण्याचा शिष्यवृत्तिन्यास १९६२ चा. १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांची हकालपट्टी केली, तेव्हा अशा अनेक कार्यांत खंड पडला. या घराण्यांचे प्रारंभीचे दान बहुधा स्वतःच्या जमातीपुरते होते, नंतर ते सर्वांसाठी खुले झाले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी दूरध्वनी, बँकव्यवसाय, सिमेंट व खनिजे यांतून फार मोठी खाजगी संपत्ती निर्माण झाली व प्रतिष्ठानांचे युग सुरू झाले. झिंबाब्वेतील स्ट्राइव्ह मासियिवा यांनी दूरध्वनीच्या परवान्यासाठी शासनाशी न्यायालयात दीर्घकाळ झगडून एकोनेट ही कंपनी उभारली. त्यांचे व त्यांच्या पत्नीचे शिष्यवृत्तिकार्य १९९६ पासूनचे, म्हणजे कंपनीला यश येण्यापूर्वीचे आहे व ते मुख्यत्वे अनाथ मुलांसाठी आहे. सुदानमध्ये जन्मलेले मो इब्राहिम यांनी आपली सेलटेल कंपनी २००५ मध्ये ३४० कोटी डॉलरना विकली आणि पुढील वर्षी प्रतिष्ठान स्थापन केले. लोकशाही मार्गाने निवडून येऊन मुदत संपताच पद सोडणाऱ्या राष्ट्रप्रमुखास ५० लाख डॉलरचा पुरस्कार, असा त्यांचा उपक्रम. मोझँबीकचे झ्वाकीम चिसानो हे २००७ मधील पहिले मानकरी. त्यानंतर अनेक वर्षी योग्य व्यक्ती न मिळाल्याने तो दिलाच गेला नाही. गरिबांचा पैसा माजी सत्ताधीशांना कशासाठी, हा आक्षेप त्यावर घेतला जातो; पुरस्कार न देण्याच्या वर्षांनी मात्र कोणत्याही अहवालापेक्षा अधिक स्पष्ट बोलून दाखविले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नायजेरियातील कानोचे आलिको डांगोटे यांनी आपल्या प्रतिष्ठानास २०१४ मध्ये १२५ कोटी डॉलरचा कायम निधी दिला. उत्तर नायजेरियातील लसीकरणात या प्रतिष्ठानाने राज्यशासनांना साहाय्य केले. आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याचे ऑगस्ट २०२० मध्ये घोषित झाले, त्यात शासनाचे व लक्षावधी स्वयंसेवकांचे श्रम अर्थातच मुख्य होते. टोनी एलुमेलू यांच्या प्रतिष्ठानाने २०१५ पासून दहा वर्षांत दहा हजार नवउद्योजकांना साहाय्य करण्यासाठी १० कोटी डॉलर राखून ठेवले. प्रत्येकास ५,००० डॉलर बीजभांडवल मिळते. दक्षिण आफ्रिकेतील खाणमालक पॅट्रिस मोत्सेपे यांनी जानेवारी २०१३ मध्ये कौटुंबिक मत्तेच्या उत्पन्नापैकी निम्मे उत्पन्न देण्याची प्रतिज्ञा जाहीर केली. टांझानियातील मोहम्मद देवजी यांनीही २०१६ मध्ये अशीच प्रतिज्ञा केली. १९९८ मध्ये लष्करी राजवटीच्या काळात मिळालेल्या तेलक्षेत्रातील हिस्सा विकून नायजेरियाचे जनरल थिओफिलस डांजुमा यांनी आपल्या प्रतिष्ठानास १० कोटी डॉलर दिले. इतका पैसा मुळात एका व्यक्तीच्या हाती यावाच कसा, ही टीका त्या वेळी झाली. दानाने मूळ व्यवहाराची चौकशी संपत नाही, हे खरे. तथापि दाता निष्कलंक मिळेपर्यंत रुग्णाने थांबावे असेही म्हणता येत नाही.

कायद्याचे साहाय्य सर्वत्र सारखे नाही. दक्षिण आफ्रिकेत मान्यताप्राप्त लोकहितकारी संस्थेस दिलेली देणगी करपात्र उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत वजा होते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत तेथे शासनाच्या तिजोरीपासून स्वतंत्र असा एकजूट निधी स्थापण्यात आला; त्यात शासनाने आरंभी १५ कोटी रँड घातले आणि उद्योगपतींबरोबरच सामान्य नागरिकांनीही भर घातली. निधी वेगळा व हिशेब उघड असेल, तर लोक देतात. याउलट जेथे न्यासांची नोंदणी कष्टाची आणि चलन अस्थिर असते, तेथे संपत्ती परदेशी बँकांत जाते व दानही तेथूनच केले जाते.

अमेरिकेची परराष्ट्र-साहाय्यसंस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली. एड्स व हिवताप यांवरील उपचारांसाठी अनेक देश तिच्यावर विसंबून होते. ही पोकळी आफ्रिकी धनिकांनी भरून काढावी, अशी अपेक्षा तेव्हापासून व्यक्त होऊ लागली. डांगोटे यांच्या निधीवर वार्षिक पाच टक्के उत्पन्न धरल्यास ते सव्वासहा कोटी डॉलर होते, म्हणजे वीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या नायजेरियात दरडोई तीस सेंटच. नायजेरियाच्या संसदेने फेब्रुवारी २०२५ मध्ये आरोग्यासाठी २० कोटी डॉलरची जादा तरतूद केली, ती या वार्षिक उत्पन्नाच्या तिपटीहून अधिक होती.